मथुराबाई पुन्हा पवायला जातात

त्या हिवाळ्यात मथुराबाई रायकरांची तहान भागेनाशी झाली. धायरीतल्या त्यांच्या दुमजली बंगल्यात माठ होता, फिल्टर होता, फ्रीजमध्ये बाटल्या होत्या. बाईंना काहीच पुरत नव्हतं. तांब्याभर पाणी पिऊन सोफ्यावर टेकायच्या आणि टीव्हीवरची जाहिरात संपायच्या आत घसा पुन्हा कोरडा पडायचा. अंगात त्राण नसायचं. दुपारी जेवल्या की डोळे मिटायचे, संध्याकाळी उठल्या की चहा, चहासोबत खारी नाहीतर फरसाण, आणि परत सोफा. साठी जवळ आली होती. आता वय झालं, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं होतं आणि घरात कुणी ते खोडून काढलं नव्हतं.

एका सकाळी सुनेला, शालूला, पांढऱ्या फरशीवर तांबडे ठिपके दिसले. स्वयंपाकघरातून निघून ते देवघरापर्यंत गेले होते. ठिपक्यांच्या मागोमाग ती गेली तर मथुराबाई देवापुढे वाती वळत बसलेल्या. डाव्या पायाच्या तळव्याची कड सोलवटून निघाली होती आणि मधोमध एक ओला खड्डा पडला होता. नात्यातल्या एका लग्नात घातलेली नवी चप्पल चावली असणार, आणि ते लग्न होऊन बरेच दिवस झाले होते.

"आत्या, हे दुखत नाही तुम्हाला?" शालूनं विचारलं.

"दुखलं असतं तर कळलं नसतं का मला?" मथुराबाई म्हणाल्या. आपण दुखण्याला जुमानत नाही याचा थोडा अभिमानच त्या बोलण्यात होता.

शालूचे सासरे दत्तोबा असंच बोलायचे. त्यांनाही साखर होती. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे, नाही आठवल्या तर हसायचे, आणि एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले. त्याला आठ वर्षं झाली होती. शालूनं नवऱ्याची वाट पाहिली नाही. रिक्षा बोलावली आणि सासूला कोथरूडला डॉक्टर आनंदी आगाशे यांच्याकडे नेलं.

डॉक्टर आगाशे पुण्याच्या पेठेतल्या. बोलणं मोजकं, आणि त्यातल्या निम्म्या बोलण्याला धार. त्यांनी मथुराबाईंना डोळे मिटायला सांगितलं. "पायाच्या बोटांना मी दोरा टेकवणार आहे. कळला की हो म्हणा."

मथुराबाई डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लावा की मग."

डॉक्टरांनी दोरा कधीच लावला होता. पाचही बोटांना लावून झाला होता. शालूनं ते पाहिलं होतं.

रक्त तपासून आलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "ही साखर काही कालची पाहुणी नाही. पाच-सहा वर्षं तरी मुक्काम असेल हिचा तुमच्याकडे."

"मग आता काय करायचं?"

"जखम भरायची, गोळ्या घ्यायच्या, खाणं बदलायचं आणि अंग हलवायचं. यातलं एक करून बाकीचं सोडणार असाल तर कोथरूडपर्यंत येण्याचा त्रास घेऊ नका. काय खाता?"

मथुराबाईंनी सांगितलं. भात, चपाती, बटाटा, चहा, फरसाण, उपवासाला साबुदाणा.

"भाकरी?"

"भाकरी आता कोण खातंय घरात. समद्यांना चपाती लागती."

"तुम्हाला काय लागतं?"

हा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्या जरा अडखळल्या. "भाकरीच," म्हणाल्या.

"मग भाकरी खा. एक. सोबत भाजी भरपूर, आमटी घट्ट."

"एका भाकरीनं माझं काय व्हतंय. तीन-तीन खायची मी."

"तेव्हा दिवसभर रानात असायचात. रान गेलं, भाकरी तेवढीच राहिली."

डॉक्टर हे सहज बोलल्या, पण मथुराबाईंना ते आत कुठेतरी जाऊन लागलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. चालायला जाता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

"बरं, चालणं राहू दे. अंगाला कष्ट पडतील असं दुसरं काही आवडायचं का कधी?"

"पवायला," मथुराबाई म्हणाल्या.

शालूनं मान वळवून सासूकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं हे कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनीही पेन खाली ठेवलं.

"पोहता येतं तुम्हाला?"

"यायचं."

"मग चांगलंच झालं. गुडघ्यांना त्याहून सोपं काही नाही. इथं जवळच पोहायचा टँक आहे, बायकांची वेळ वेगळी असते. पण ही जखम पूर्ण बुजेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. आंघोळीलासुद्धा हा पाय कोरडा ठेवायचा, आणि घरातही अनवाणी फिरायचं नाही."

चाळीस वर्षांनी कुणीतरी पाण्यात उतरा म्हणालं होतं, आणि त्याच दमात उतरू नका असंही म्हणालं होतं.

मथुराबाईंचं माहेर वारज्याचं. तेव्हा वारजं म्हणजे मळे, विहिरी आणि नदीकडे उतरत जाणाऱ्या वाटा. वडिलांनी त्यांच्या पाठीला वाळका भोपळा बांधला होता आणि मळ्यातल्या विहिरीत ढकलून दिलं होतं. भाऊ गेनबा आधीच पाण्यात होता आणि हसत होता. चार दिवसांत भोपळा सुटला. पुढे पुढे तर मथुरा विहिरीचा तळ काढायची. खाली बुडी मारून मुठीत गाळ घेऊन वर यायची आणि काठावरच्या पोरांना मूठ उघडून दाखवायची. गावातली दोन पोरं सोडली तर हे कुणाला जमत नव्हतं, आणि ती दोन पोरं तिच्याहून मोठी होती.

लग्न होऊन धायरीला आली तर मळ्यात विहीर होतीच. माहेरच्यापेक्षा मोठी, बांधीव, एका अंगानं पायऱ्या उतरत गेलेली. पण सुनेनं विहिरीवरून पाणी आणायचं असतं, विहिरीत उतरायचं नसतं. मेथीच्या जुड्या धुताना ती पायऱ्यांवर बसून खाली बघत राहायची. पाणी काळंभोर आणि स्थिर असायचं. थोरली जाऊ सोजरबाई वरून हाक मारायची, "मथुरे, भाजी धुतीस का तोंड बघतीस?"

पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी घरातली सगळी माणसं खडकवासल्याला लग्नाला गेली होती. मळ्यात दोघंच होती. दत्तोबा तेव्हा पंचविशीतले, बायकोशी दिवसाउजेडी बोलायलाही लाजणारे. विहिरीवरच्या मोटारीशी काहीतरी खुडबुड करत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला पवाया येतं म्हणं. गेनबा सांगत व्हता."

"येतं."

"मग उतर की. मी हाय हितं."

असं म्हणून ते वरच्या पायरीवर जाऊन विहिरीकडे पाठ करून बसले. मथुरेनं नऊवारीचा काष्टा घट्ट मारला आणि उडी घेतली. वरचं पाणी उन्हानं कोमट होतं, खालचं गारठ. पाय खाली गेले की थंडीची एक पट्टी पोटऱ्यांना लागायची. ती फेऱ्या मारत राहिली, उताणी होऊन वरचं गोल आभाळ बघत राहिली. मध्येच बांधावरून शेजारचा कुणी बैल मागायला आला. दत्तोबा त्याला म्हणाले, "तिकडंच थांब. मोटारीचा करंट उतरलाय पाण्यात." तो माणूस आल्या पावली परत गेला. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "झालं का?" खालून उत्तर आलं, "न्हाई अजून." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

असं दोन-तीन उन्हाळे झालं, संधी मिळेल तसं. मग बजरंग झाला, त्याच्या पाठीवर मुलगी झाली, सासू अंथरुणाला खिळली, आणि पोहणं कधी सुटलं तेही कळलं नाही. पुढे गाव शहरात गेलं. रस्ते आले, रस्त्यांमागून इमारती आल्या. रायकरांचा मळाही विकला गेला. ज्या दिवशी विहिरीत राडारोडा टाकायला डंपर आले त्या दिवशी दत्तोबा थोडा वेळ थांबले आणि देवळात जाऊन बसले. मथुराबाई उभ्या राहिल्या. पहिल्या डंपरनं पाण्याचा मोठा आवाज झाला. नंतर नंतर आवाज येईना.

आता डॉक्टरांकडून आल्यावर शालूनं मोठ्या उत्साहानं ओट्स आणले, ब्राउन ब्रेड आणला. मथुराबाईंनी दोन दिवस ते आजाऱ्याच्या अन्नासारखं मुकाट खाल्लं. तिसऱ्या दिवशी माळ्यावरची काठवट काढायला लावली आणि ज्वारीचं पीठ मळायला बसल्या. हात विसरला होता. पहिली भाकरी थापतानाच फाटली, दुसरी तव्यावर मोडली. तिसरी टम्म फुगली, आणि चौथी त्यांनी शालूकडून थापून घेतली.

एक भाकरी, वाटीभर आमटी आणि ताटाचा अर्धा भाग भाजी. भाजीसाठी त्या धायरी फाट्यावरच्या भाजीवालीकडे घोळ मागायच्या, चाकवत मागायच्या, अंबाडी मागायच्या. घोळ म्हणजे एकेकाळी बांधावर फुकट उगवायची आणि पायाखाली जायची. आता तिची ओली जुडी हातात घेऊन त्या नाकाला लावायच्या. घरी आणून निवडताना मुळाशी चिकटलेली माती त्या लगेच धुवायच्या नाहीत.

भूक मात्र छळायची. सगळ्यात वाईट संध्याकाळची वेळ. शेजारच्या बेकरीतून ताज्या खारीचा वास यायचा आणि बिनसाखरेचा चहा हातात धरून मथुराबाई गॅलरीत उभ्या राहायच्या. चहाला चव म्हणून नव्हतीच, नुसती ऊब होती. होळीला पुरणपोळी झाली. डॉक्टरांनी अर्धी खायला हरकत नाही असं सांगितलं होतं. त्यांनी अर्धी खाल्ली आणि उरलेल्या अर्ध्याकडे, बजरंगच्या ताटात ती संपेपर्यंत, बघत राहिल्या. अर्ध्या पोळीनं पोळीची आठवण तेवढी जागी होते.

एप्रिलमध्ये सोजरबाईंच्या नातवाचं बारसं होतं. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरं शेजारी शेजारी, येणं-जाणं होतं, आणि टोमणेही होते.

"साखर झाली म्हणून जगायचं सोडतीस का काय?" सोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी मथुराबाईंच्या ताटात जिलबी वाढली. एक संपल्यावर दुसरी वाढली. नंतर वाढायची गरज पडली नाही; मथुराबाईंनी स्वतःच परातीकडे हात केला. किती खाल्ल्या ते त्यांनी मोजलं नाही. पाक बोटांवरून मनगटाकडे ओघळला तेव्हा त्यांना एकदम आपण कुठं आहोत ते कळलं आणि त्या हात धुवायला उठल्या. पुढच्याच आठवड्यात जखमेतून पुन्हा पाणी यायला लागलं. ते जिलबीमुळेच झालं असं नाही, पण मथुराबाईंच्या मनानं ते तसंच घेतलं. ड्रेसिंगला गेल्या त्या मान खाली घालून.

सगळं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "जिलबी कशी होती?"

"ग्वाड व्हती."

"बरं झालं. वाईट असून खाल्ली असतीत तर मला जास्त वाईट वाटलं असतं." मग पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "चुकलं तर पुढच्या जेवणापासून परत सुरू करायचं. सोमवारची वाट बघायची नाही. आणि रडायचंही नाही, पट्टी ओली होते."

उन्हाळा असाच गेला. पाय प्लास्टिकमध्ये गुंडाळून, स्टुलावर ठेवून त्या आंघोळ करायच्या. नळाचं पाणी खांद्यावरून वाहायचं आणि त्यांना वाटायचं, अजून थोडं असतं, गळ्यापर्यंत असतं. जखम कडेकडेनं आकसत होती. मऊ तळाचे खास बूट आले आणि थोडं थोडं चालायची परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांचे पाय आपोआप जुन्या मळ्याकडे वळले.

तिथं आता तीन इमारतींची सोसायटी होती. कितीतरी वर्षांत त्या आत गेल्या नव्हत्या. फाटकातून शिरून त्या पार्किंगमध्ये गेल्या आणि दोन गाड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. लिंबाचं एक झाड कोपऱ्यात वाचलं होतं, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला. पायऱ्या इथं. मोटार तिथं.

वॉचमन मागून आला. "आजी, कुणाकडे जायचंय?"

"कुणाकडं न्हाई. हितं विहीर व्हती."

"पाण्याची काळजी नाही आजी इथं. खाली मोठी टाकी आहे, टँकरपण येतो. फ्लॅट बघायला आलात का?"

मथुराबाईंनी मान हलवली. ती होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. पश्चिमेच्या अंगाला त्या विहिरीला दोन झरे होते. भर मे महिन्यातही आटायचे नाहीत. विहीर बुजवली, पण झऱ्यांना ते कुणी सांगितलं असेल? ते पाणी आता कुणीकडं जात असेल? हाच विचार करत त्या घरी आल्या आणि त्या रात्री जेवताना शालूनं दोनदा भाजी विचारली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तळवा उजेडात धरून अंगठ्यानं दाबून पाहिला. जखमेच्या जागी गुलाबी, नवी कातडी आली होती. "आणखी पंधरा दिवस तिला पक्की होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मग उतरा. टँकच्या काठापर्यंत रबरी चप्पल घालूनच जायचं. रिकाम्या पोटी पाण्यात जायचं नाही. आणि पिशवीत साखरेची पुडी ठेवायची."

"साखर?" मथुराबाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"गोळ्या आणि व्यायाम मिळून कधी साखर फार खाली जाते. हात थरथरले, घाम सुटला, तर लगेच तोंडात टाकायची. एरवी पुडीकडे बघायचं नाही."

घरी बजरंगला हे पसंत पडलं नाही. त्याचा खडी-वाळूचा धंदा होता, चार माणसांत ऊठबस होती. "आई, मी घरी सायकल आणतो ना, ती जागच्या जागी चालवायची. टँकवर कशाला? लोक काय म्हणतील?"

"बायकांची येळ हाय ती. बायकाच असत्यात."

"पण ते कपडे..."

"गुडघ्याखालपर्यंत आहे आत्यांचा पोशाख," शालू आतून म्हणाली. "मी बघून आणलाय."

बजरंग आवाज खाली करून म्हणाला, "आप्पा असे बसल्या बसल्या गेले. तुला पाण्यात काही झालं तर कोण बघणार?"

मथुराबाईंना मुलाच्या चेहऱ्यात दत्तोबा दिसले. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि सोफ्यावर काय झालं तर?" म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्यानंच गाडी काढली. कोथरूडला आईला फाटकाशी सोडून तो गाडीतच बसून राहिला.

कपडे बदलायच्या खोलीत मथुराबाईंनी शालूनं आणलेला जांभळा पोशाख घातला आणि वर टॉवेल लपेटला. लग्न झाल्यापासून त्यांनी साडीशिवाय दुसरं काही अंगावर घातलं नव्हतं. बाहेर जायला पाय उचलेना. पण आजूबाजूच्या बायका आपापल्या टोप्यांत केस कोंबण्यात गुंतल्या होत्या, कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. शेवटी एका मुलीनं त्यांचा अंबाडा टोपीत बसवून दिला आणि त्यांना काठापर्यंत आणलं.

शिकवणाऱ्या कुसुम मॅडम गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या होत्या. "आजी, येतं का पोहायला? नाहीतर उथळ बाजूला दांडी धरा."

"यायचं मला," मथुराबाई म्हणाल्या. चप्पल काठाशी काढून त्या पायऱ्या उतरल्या. उजव्या पायाला पाणी चटकन थंड लागलं. डाव्याला ते उशिरा कळलं, आणि पुरतं कळलंच नाही. कंबर, छाती, गळा. मग त्यांनी भिंतीला पाय लावून अंग सोडून दिलं.

हातांना आठवत होतं. पायांनाही आठवत होतं. छाती मात्र विसरली होती. टँकच्या अर्ध्यावर जाईपर्यंत धाप लागली, नाकातोंडात औषधी चवीचं पाणी गेलं, आणि त्या कशाबशा काठाची कड पकडून लोंबकळत राहिल्या. आपण उतरलो की पुन्हा तीच मथुरा होऊ, असं कुठेतरी त्या धरून चालल्या होत्या. पाण्याखाली निळ्या फरशा स्वच्छ दिसत होत्या. मुठीत घेऊन यावं असं तळाशी काही नव्हतं.

"येतंय की तुम्हाला," कुसुम मॅडम वरून म्हणाल्या. "दम नाही तेवढा. तो येईल."

घरी शालूनं उत्सुकतेनं विचारलं, "कसं वाटलं आत्या?"

"ते पाणी न्हाई हे," मथुराबाई म्हणाल्या आणि पडून राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी शालू उठायच्या आत त्यांची पिशवी भरून दाराशी होती.

मग त्या जातच राहिल्या. कधी बजरंग सोडायचा, बहुतेकदा रिक्षा. आधी टँकची रुंदी जमली, दिवाळीपर्यंत लांबी जमली, मध्ये एकदाच थांबून. चोळ्या सैल झाल्या, त्या शालूनं दोन्ही बाजूंनी आत घेतल्या. जिना चढताना कठड्याला धरावं लागेना. रात्रीच्या जेवणाला बजरंगही भाकरी मागू लागला. सोजरबाई म्हणाल्या, "लई वाळलीस गं, आजारी दिसतीस." मथुराबाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं.

एका दुपारी गॅलरीत केस वाळवत बसल्या असताना त्यांनी शालूला विहिरीवरच्या त्या दुपारची गोष्ट सांगितली. ती त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. शालू मेथी निवडायची थांबली.

"मामंजींनी मागं वळून बघितलं नाही कधी?"

"बघितलं असंल," मथुराबाई म्हणाल्या. "मी कुठं त्यांच्याकडं बघत व्हते." आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांनी ओले केस पुढे घेतले आणि बराच वेळ तोंड त्यांत झाकून ठेवलं. शालूनं पुन्हा मेथीला हात घातला.

जानेवारीतल्या संकष्टीला घोटाळा झाला. चंद्र पाहून जेवायचं म्हणून त्यांनी सकाळी नुसतं ताक घेतलं, गोळ्या मात्र नेमानं घेतल्या, आणि टँकवर गेल्या. परतीच्या लांबीला हात जड झाले. ओठांभोवती बधिरपणा आला. पाण्यात असूनही आपल्याला घाम सुटलाय असं त्यांना वाटलं. कुसुम मॅडमनी दुरून त्यांचा चेहरा पाहिला आणि उडीच घेतली. दोघी-तिघींनी मिळून त्यांना बाकावर बसवलं. "पिशवी," एवढंच त्या म्हणाल्या. कुणीतरी पुडी शोधून फोडली आणि त्यांच्या तळहातावर रिकामी केली.

त्यांनी ती साखर जिभेवर घेतली. बारशातल्या जिलबीनंतर पहिल्यांदा. ती विरघळताना त्यांनी डोळे मिटले. हळूहळू हातांची थरथर थांबली, अंगात ऊब आली, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तळहाताला चिकटलेले कणही त्यांनी लहान मुलासारखे चाटून घेतले.

"अजून त्रास होतोय का?" कुसुम मॅडमनी घाबरून विचारलं.

"न्हाई."

"मग रडताय का?"

"ग्वाड लागलं," मथुराबाई म्हणाल्या.

कुसुम मॅडमनी टॉवेल त्यांच्या खांद्यांवर नीट ओढला. एका मुलीनं डब्यातली पोळी-भाजी पुढे केली, ती मथुराबाईंनी खाल्ली. संकष्टी मोडली.

डॉक्टर आगाशे चिडल्या. "उपास देवासाठी होता की माझी परीक्षा घ्यायला? पुढच्या वेळी आधी विचारायचं." मग त्यांनी नव्यानं केलेल्या तपासण्या पाहिल्या, कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. आवाज जरा उतरला. "आता शरीराला एवढ्या गोळ्यांची गरज राहिलेली नाही, म्हणून असं झालं. ही एक बंद करू. दुसरी चालू राहील."

"ती कधी बंद व्हईल?"

"बहुधा नाही होणार."

"पवत राहिले तरी?"

"पोहत राहिलात म्हणून ती एकच आहे, असं समजा. पायाचंही तसंच. जेवढं गेलंय तेवढं परत येईलच असं नाही. पण पुढं जाणार नाही एवढं आपण बघू."

मथुराबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. काही गोष्टी परत येत नाहीत हे त्यांना नव्यानं कळण्यासारखं नव्हतं. फक्त डॉक्टर ते इतक्या सरळ बोलल्या, याचं त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर उपवासाच्या दिवशी त्यांनी टँकला सुट्टी दिली नाही, उपवासांनाच दिली. सकाळी अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ खाऊन त्या जातात. फेऱ्या झाल्या की शेवटी उताण्या होऊन पडून राहतात. कान पाण्याखाली गेले की बायकांचे आवाज, नळ, बाहेरचे हॉर्न, सगळं लांब जातं. वर पत्र्याचं छप्पर आहे, त्यातल्या एका पारदर्शक पत्र्यातून उजेड येतो. त्या उजेडाखाली येईल असं अंग त्या हातांनी हळूच सरकवून घेतात.

वेळ संपल्याची शिट्टी होते. बाकीच्या बायका निघतात, फरशीवर ओल्या पावलांची गर्दी होते, दारं वाजतात.

"मथुराबाई, चला. पुढची बॅच उभी आहे," कुसुम मॅडम काठावरून म्हणतात.

"आले," त्या म्हणतात, आणि आणखी थोडा वेळ तशाच तरंगत राहतात.